खिडकीतल्या बाईचा नवरा

"आणि नवव्या वर्षी तो परत आला," त्रीनू म्हणाली, आणि साल्मेचं लाल पेन शहराच्या नकाशाआड दडवलेल्या गुणपत्रिकेवर टेकलं ते तिथेच राहिलं. शाईचा ठिपका उमटला आणि पसरू लागला. तो परत येत नाही. तीस वर्षं ही गोष्ट दोरवाल्यांच्या गल्लीत, याच चुनखडीच्या घरासमोर सांगितली जाते आहे, आणि तीस वर्षांत तो एकदाही आलेला नाही. व्यापारी पूर्वेकडे जातो, त्याची बायको दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत रोज संध्याकाळी दिवा लावते, वर्षं जातात, दिवा जळत राहतो. संपली गोष्ट. तालिनमधला प्रत्येक गाईड ती अशीच सांगतो. प्रवासाच्या पुस्तकांत ती आहे, चित्रांच्या कार्डांवर आहे. घराच्या तळमजल्यावर तागाच्या कापडाचं दुकान आहे, तिथे दिवा हातात घेतलेल्या बाईचे भरतकाम केलेले रुमाल मिळतात. आणि ही सव्वीस वर्षांची दक्षिणेकडची पोरगी त्या नवऱ्याला खुशाल परत आणते, समोरच्या फुटपाथवर उभं करते, आणि वर म्हणते की दिवा पाहून त्याला घर सापडलं, बायको जिना उतरून खाली आली. सातही प्रवाशांनी सुटकेचा श्वास सोडला. साल्मेनं सोडला नाही. तिला एकदम गरगरल्यासारखं झालं, आणि तिनं चिडून स्वतःलाच बजावलं की सकाळी नुसत्या काळ्या पावावर निघालं की असंच होतं.

साल्मे आज पर्यटक होती. म्हणजे तसं ठरलं होतं. गाईडांच्या संघाची पद्धतच तशी: नव्या गाईडची शेवटची परीक्षा असली की एका जुन्या गाईडनं साधा प्रवासी होऊन दिवसभराच्या फेरीत सामील व्हायचं, ओळख द्यायची नाही, आणि संध्याकाळी निकाल लावायचा. मोठ्या देशांत हे चालतही असेल. चार लाख वस्तीच्या राजधानीत, जिथे निम्मे गाईड तुमचे विद्यार्थी आणि उरलेले तुमच्यावर रुसलेले, तिथे काळा चष्मा लावून काय होणार? सकाळी टाऊन हॉलच्या चौकात बदाम भाजणाऱ्या बाईनंसुद्धा "आज परीक्षा वाटतं," म्हणून पुडी पुढे केली होती. त्रीनूनं तर पाहताक्षणी ओळखलं. तिचे कान लाल झाले. पण इथली माणसं कुणाचं गुपित उघडं पाडत नाहीत, उगाच त्या माणसाला ओशाळं व्हायला नको म्हणून. तिनं अदबीनं विचारलं, आपण कुठून आलात. साल्मेनं गंभीरपणे सांगितलं, तार्तूहून, निवृत्त शिक्षिका आहे. दोघींनी ते निमूट मान्य केलं आणि फेरी सुरू झाली.

एकसष्टाव्या वर्षी साल्मेला स्वतःबद्दल फारशा शंका नव्हत्या. औषधांच्या जुन्या दुकानाचं साल, टाऊन हॉलच्या शिखरावरच्या पत्र्याच्या शिपायाची उंची, कुठल्या बुरुजाला किती मजले, सगळं तिच्या जिभेवर. तिच्या हाताखालून पास झालेला गाईड चुकत नाही, असा तिचा लौकिक होता, आणि तो तिला आवडायचा. मूळ गोष्टीत पदरचं घालणारा सरळ नापास, हा नियमही तिचाच. आठ वर्षांपूर्वी एका दिवट्यानं औषधांच्या दुकानात भूत घातलं होतं, तेव्हा तिनं संघाच्या बैठकीत टेबलावर हात आपटून तो मंजूर करून घेतला होता. त्रीनूची ही दुसरी खेप. तिसरी मिळत नाही. आज नापास झाली की तिनं गावी परत जावं, नाहीतर जहाजांच्या धक्क्यावर अंबर मण्यांच्या माळा विकाव्यात. नियम स्पष्ट होता, गुन्हा स्पष्ट होता, पेन हातात होतं. अडचण एवढीच होती की ही गोष्ट कुठल्याही जुन्या पोथीत नव्हती. ती साल्मेनं रचली होती.

हे कुणालाच माहीत नव्हतं. रचली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, सरकारी सहलींच्या कचेरीत नोकरीला, आणि काय बोलायचं ते वरून मंजूर होऊन येई. प्रत्येक गटात एक 'प्रवासी' पाळत ठेवायला असायचा. त्या दिवशीचा तपकिरी कोटातला होता. लेनिनग्राडहून फिरायला आलोय म्हणाला, पण फिरायला आलेला माणूस इतके नवे बूट घालून इथल्या दगडी गल्ल्यांत उतरत नाही. बोटीनं आलेले फिनिश पाहुणे या घरापाशी थांबले, त्यांतल्या एका म्हातारीनं वर बोट दाखवून विचारलं, या सुंदर खिडकीत कोण राहायचं. साल्मेच्या मंजूर कागदात त्या खिडकीबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या खिडकीत साल्मे राहायची. त्या खिडकीत तिची आई हेल्मी रोज संध्याकाळी रॉकेलचा दिवा ठेवायची, कारण एका जानेवारीत पहाटे तीन माणसांनी तिच्या नवऱ्याला पूर्वेकडच्या सक्तमजुरीच्या छावणीत नेलं होतं, आणि साल्मे तेव्हा दोन वर्षांची होती. हे बोलायची सोय नव्हती. गप्प बसायचीही तिची छाती झाली नाही. मग तोंडातून निघालं ते असं, की पाचशे वर्षांपूर्वी इथे एक व्यापारी राहायचा. फिनिश म्हातारीनं डोळे टिपले. तपकिरी कोटवाल्यानं नंतर कोपऱ्यात गाठून विचारलं, हे कागदात आहे का? साल्मे म्हणाली, लोककथा आहे, जनतेची निर्मिती. लोककथा म्हटलं की त्या काळी काहीही खपायचं. त्यानं ते लिहून घेतलं, आणि पुढच्या वर्षी गोष्ट मंजूर होऊन वरूनच तिच्याकडे आली. या विजयावर ती आयुष्यभर मनातल्या मनात हसत आलेली होती. आज त्रीनूच्या मागून टेकडी चढताना तिची नजर नकाशाआडच्या कागदावर गेली, मग स्वतःच्या बुटांवर. बूट नवे होते.

टेकडीवर जायला दोन वाटा, एक 'लांब पाय' आणि एक 'आखूड पाय'. म्हणून आमचं शहर लंगडतं, हा इथला आजोबांच्या काळचा विनोद. त्रीनूनं तो बरोबर जागी केला, हसायला लोकांना वेळ दिला. पोरगी चांगली होती, हे साल्मेला कबूल करावं लागत होतं. पाठ इमारतीकडे, तोंड माणसांकडे, हा पहिला धडा तिनं अंगी बाणवला होता. गाईडनं दगडांकडे बघायचं नसतं. दगड त्याला पाठ असतात. त्यानं चेहरे बघायचे, कोण कंटाळला, कुणाचे पाय दुखतात, कुणाला रडू येतंय. साल्मेनं हे शेकडो पोरांना शिकवलं होतं आणि स्वतः तीस वर्षं पाळलं होतं. वरच्या कट्ट्यावरून लाल कौलं, मनोरे, पलीकडे बंदरात उभी पांढरी जहाजं दिसत होती. बाकीचे फोटो काढत होते. साल्मेनं आधी चेहरे मोजले, सात, मग लक्षात आलं की मोजणं आज तिचं काम नाही, आणि सवयीविरुद्ध ती समोर बघायला लागली. दोरवाल्यांची गल्ली त्या कौलांत कुठेतरी फटीसारखी असणार. इथून ती दिसत नव्हती, तरी तिची नजर तिथेच जात राहिली.

दिवा सहा वर्षं लागला. मग आईनं तो काढला. गोष्टीत बाई जन्मभर वाट बघते. हेल्मीनं बघितली नाही. कुणीतरी तिकडून सुटून आलेला सांगून गेला की तुझा माणूस दुसऱ्याच हिवाळ्यात गेला, आणि वसंतात तिनं खालच्या मजल्यावरच्या एंडेलशी लग्न केलं. ट्रामचा कंडक्टर, रुंद खांद्यांचा, शिट्टी वाजवत जिना चढणारा. दिव्याच्या जागी पिवळ्या फुलांचे पडदे आले. साल्मेनं आईला याचा कधी राग दाखवला नाही, पण गोष्ट रचायची वेळ आली तेव्हा तिनं बाईला खिडकीत उभं केलं ते उभंच ठेवलं, पाय दुखेपर्यंत, पाचशे वर्षं. हे तिला पूर्वीही माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट अशी अंगावर आली नव्हती.

दुपारी सूप घ्यायच्या रांगेत त्रीनू नेमकी तिच्या पुढे आली. बाकीचे बाकांवर बसले होते. कोपनहेगनचा एक निवृत्त पोस्टमन, बेन्त नावाचा, काळ्या पावावरची खारवलेली मासळी संशयानं उलटसुलट करून बघत होता. साल्मेनं ठरवलं, विचारायचं. तार्तूच्या निवृत्त शिक्षिकेला विचारायला कोण अडवणार?

"ती खिडकीची गोष्ट," ती म्हणाली, "मी ऐकली होती त्यात तो परत येत नाही."

त्रीनूचे कान पुन्हा लाल झाले. सूपच्या वाडग्याकडे बघत ती म्हणाली, "माहीत आहे, बाई."

"मग नऊ वर्षं कुठून आणलीत?"

"घरातून."

त्रीनूला वाटलं असावं की आता गेलंच आहे सगळं, तर निदान नीट सांगून जावं. तिच्या गावाकडच्या हेल काढून बोलण्यात ती हळूहळू सांगत गेली. तिच्या आजोबांना पोलिसांनी शेतावरून उचलून नेलं होतं, पूर्वेला, जिथे सगळ्यांना नेलं तिथेच. नऊ वर्षांनी एके दिवशी ते अंगणात येऊन उभे राहिले, पायात दोन वेगळे बूट. आजी ओट्यावर बटाटे सोलत होती.

"आणि काय म्हणाली?"

"म्हणाली, पाय पुसून आत ये." त्रीनूला हसू आलं, मग तिनं ते आवरलं. "एवढंच. जेवण झाल्यावर रडली म्हणे, गोठ्यात जाऊन. आमच्याकडे असंच. मला पाठ करताना ती खिडकीतली बाई बघवेना, बाई. शेकडो वर्षं नुसती उभी. म्हटलं, आमच्या घरचा आला तर हिचाही येऊ दे. आणि खरं सांगू? त्या गोष्टीनंतर थोड्याच वेळात जेवण असतं. हिरमुसली माणसं जेवत नाहीत."

पदरचं घालणारा नापास. साल्मे वाडगा घेऊन बाकावर जाऊन बसली. या देशात ज्याच्या त्याच्या पदरात हेच, असं तिच्या मनात आलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याच्या अंगरख्यात ज्यानं त्यानं आपापला माणूस घालून ठेवलाय. सूप गरम होतं, हरणाचं, वर मिरपूड. ती ते शेवटच्या चमच्यापर्यंत प्यायली. दुःखानं तिची भूक कधी गेली नव्हती, आणि याबद्दलही तिला एरवी अभिमान वाटायचा.

राजवाड्याच्या बागेत जायला ट्राम घेतली. त्रीनू मागच्या दाराशी उभी राहून काहीतरी सांगत होती. साल्मेच्या कानांत एंडेलची शिट्टी वाजत होती. एंडेलनं तिला सायकल शिकवली, बुद्धिबळ शिकवलं, रविवारी ह्याच ट्रामच्या पुढच्या काचेशी उभं केलं. तो आल्यापासून घरात कुणी कुजबुजत नव्हतं. आणि ती नऊ वर्षांची असताना, ऑक्टोबरमध्ये, आई आणि एंडेल दोघं कामावर असताना, ती खिडकीपाशी गृहपाठ करत बसली होती आणि समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा होता. डोक्यावर कानटोपी, हातात दोरीनं बांधलेलं बोचकं. तो वर बघत होता. मग त्यानं टोपी काढली. त्याचा डावा कान बाहेर आलेला होता, तिला स्वतःचा आरशात रोज दिसायचा तसा. कपाटातल्या फोटोतला माणूस इतका म्हातारा नव्हता, पण कान तोच. तिला ओरडता आलं असतं, जिना उतरता आला असता, पंचवीस पायऱ्या होत्या. तिच्या डोक्यात एवढंच आलं की आता एंडेलला जावं लागेल. तिनं पिवळ्या फुलांचा पडदा ओढला. शंभरपर्यंत मोजून पुन्हा बाजूला केला तेव्हा फुटपाथवर कुणी नव्हतं. आई मरेपर्यंत म्हणायची, जिवंत असता तर आलाच असता. साल्मे तिच्या पायांना तेल चोळत ऐकून घ्यायची. पुढे देश स्वतंत्र झाला, जुने कागद बघायला मिळायला लागले. त्यात लिहिलेलं होतं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुटका, आणि चार वर्षांनी तिकडेच कुठल्या खाणीच्या गावी मृत्यू. म्हणजे तो आला, आणि परत गेला. बावन्न वर्षं तिला एकाच गोष्टीनं छळलं होतं: पडदा ओढणारा हात त्यानं पाहिला. आपल्याच पोरीचा हात. बागेतल्या कारंज्यापाशी बेन्तनं तिला विचारलं, बरं वाटत नाही का. तिनं सांगितलं, नवे बूट लागतायत.

परतीची वाट पुन्हा त्याच गल्लीतून. छोट्या शहराचं हे असं असतं. दिवसभर फिरा, घड्याळात पाच वाजले की सकाळच्याच दगडांवर. गल्ली अरुंद, म्हणून गट समोरच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि गाईड घराला पाठ लावून. त्रीनू तशी उभी राहिली. साल्मे भिंतीला टेकली, आणि तेव्हा तिला कळलं की आपण कुठे उभ्या आहोत. तीस वर्षं ती त्या घराला पाठ लावून बोलली होती. या बाजूला ती कधी उभीच राहिली नव्हती. सकाळी राहिली होती, पण तेव्हा डोळे कागदावर होते. इथे, दाराच्या या कमानीशी, बोचकं घेऊन तो उभा होता. तिनं मान वर केली.

खिडकीत आभाळ होतं. काचेभर नुसतं फिकट आभाळ, त्यातून जाणारा एक समुद्रपक्षी. आतलं काही दिसत नव्हतं. तिनं डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं, बेन्तच्या पायावर पाय दिला. दिवसाउजेडी इथून त्या खिडकीत कुणालाही काही दिसणं शक्य नव्हतं. ना पडदा, ना पडद्यावरची फुलं, ना नऊ वर्षांच्या पोरीचा हात. त्यानं काही पाहिलं नव्हतं. त्यानं घर पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि दार उघडेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. साल्मेला रडू आलं. ते तिनं आवरलं नाही. काळा चष्मा शेवटी कशासाठी असतो?

"एक विचारू?" बेन्त त्रीनूला म्हणाला. चाळीस वर्षं लोकांच्या दारांशी उभ्या राहिलेल्या माणसाला दिवसभर हेच टोचत असणार. "तो परत आला, हे खरं आहे, की आम्हाला बरं वाटावं म्हणून?"

त्रीनूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं साल्मेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आता भीतीसुद्धा उरली नव्हती. खोटं बोलायचं नाही एवढंच तिनं ठरवलेलं दिसत होतं. तिनं तोंड उघडलं.

"खरं आहे," साल्मे म्हणाली. "तो आला होता. मी पाहिलंय."

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. तार्तूची निवृत्त शिक्षिका. पाचशे वर्षांपूर्वीचा व्यापारी. पण तिच्या आवाजात असं काही असावं की कुणी हसलं नाही.

"इथे उभा होता. मी उभी आहे तिथेच. टोपी काढली होती त्यानं."

"आणि बायको खाली आली?" बेन्तनं विचारलं.

"बायको कामावर गेली होती. घरात मुलगी होती. ती आली नाही." साल्मेनं नाक पुसलं. "नऊ वर्षांची होती. घाबरली होती ती."

हे वाक्य तिनं स्वतःच्या मनातसुद्धा आजवर उच्चारलं नव्हतं. ते म्हणून झाल्यावर तिला आश्चर्य वाटलं की ते किती साधं आहे. त्रीनूचा हात तोंडाशी गेला होता. दक्षिणेकडची असली तरी ती याच देशातली होती, तिला वर्षांचा हिशेब समजावून सांगावा लागला नाही. साल्मेनं नकाशा उघडला आणि उघडउघड, सगळ्यांसमोर, गुणपत्रिका बाहेर काढली. 'मूळ गोष्टीत बदल' या रकान्यात सकाळचा लाल ठिपका वाळून गेला होता. त्याच्या पुढे तिनं लिहिलं, 'मूळ गोष्ट अपुरी होती', खाली सही केली, आणि कागद त्रीनूच्या हातात दिला.

"पण बायकोला जिना उतरवताना घाई करता तुम्ही," ती म्हणाली. "पंचवीस पायऱ्या आहेत. मोजून उतरवा."

"हो, बाई," त्रीनू म्हणाली. तिनं कागद घडी करून खिशात ठेवला, आणि ती मंडळींना घेऊन पुढे निघाली. बेन्तनं जाता जाता टोपी काढली, खिडकीला की साल्मेला ते समजलं नाही.

साल्मे मागे राहिली. गल्ली रिकामी झाली, वरचं आभाळ काचेतून जरा पुढे सरकलं. दार अगदी समोर होतं, चार पावलांवर, खाली उंबऱ्याशी दुकानदारानं काथ्याचं पायपुसणं टाकलेलं. तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी नाही याची खात्री करून घेतली, आणि मोठ्यानं, स्वच्छ, गटातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "पाय पुसून आत या, बाबा."

मग तिनं पेनाला टोपण लावलं आणि भराभर चालायला लागली, कारण पुढच्या कोपऱ्यावरच्या बुरुजाचं साल ती पोरगी नक्की चुकणार होती.